मदत हवी आहे: अमेरिकेत कॉलेज बदलणाऱ्या टेनिसपटूची क्रेडिट आणि खेळण्याची पात्रता

नेटजवळ:
भाचा अमेरिकेत डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतोय आणि टेनिस टीममध्ये आहे. दुसरं वर्ष संपलं. नाव ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, दुसऱ्या कॉलेजची ऑफर आली आहे. तिथली पदवी १२८ क्रेडिटची. आतापर्यंत पास झालेली क्रेडिट ६२ (गेल्या वर्षी फॉलला, म्हणजे ऑगस्ट-डिसेंबरच्या सत्रात १५, स्प्रिंगला, म्हणजे जानेवारी-मेच्या सत्रात १३), जीपीए (ग्रेडची सरासरी) २.७. नव्या कॉलेजने त्यातली ५७ घेतली. कोच म्हणतात, "सगळं ट्रान्स्फर झालंय, फॉलपासून खेळ." सही करण्याआधी काय तपासावं? कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागतं असंही ऐकलंय.

कट्टेकरी:
बाहेर बसायचा नियम आता मागे पडला. २०२१ मध्ये सगळ्याच खेळांतल्या मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम करणारी संस्था) 'एकदा' ही अटही काढली. उरली ती अभ्यासाची अट: जुनं कॉलेज सोडताना तो तिथे पात्र असला पाहिजे, शिस्तभंगाची कारवाई नको, आणि नव्या कॉलेजात पदवीच्या प्रगतीचे निकष पूर्ण हवेत.

तुमच्या केसमध्ये हे निकष असे:

– प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट पास.
– फॉल आणि स्प्रिंग मिळून वर्षाला १८. उन्हाळ्यातली यात धरत नाहीत. त्याची २८ आहेत, चिंता नाही.
– तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवी कोणती ते जाहीर केलेलं हवं आणि तिच्या गरजेच्या ४० टक्के पूर्ण हव्यात. चौथ्याआधी ६०, पाचव्याआधी ८०.
– पदवीसाठी कॉलेजचा किमान जीपीए जो असेल त्याच्या ९५ टक्के तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. २.० असेल तर १.९.

मेख तिसऱ्या अटीत आहे. "५७ घेतली" म्हणजे कॉलेजने ती रेकॉर्डवर घेतली, एवढंच. त्यातली किती त्या पदवीत बसतात हा वेगळा प्रश्न आहे. ऐच्छिक विषय म्हणून लागलेली क्रेडिट, पदवीत ऐच्छिकाला जागाच नसेल तर, टक्केवारीत शून्य. इंजिनिअरिंगमध्ये ती जागा फार थोडी असते. कोचच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, हिशेब त्यांच्या हातात नसतो. रजिस्ट्रारकडून त्याच पदवीचा डिग्री ऑडिट (कोणती क्रेडिट पदवीत कुठे लागली त्याचा तक्ता) मागवा आणि कम्प्लायन्स ऑफिसला (कॉलेजातलं खेळाडूंची पात्रता तपासणारं ऑफिस) टक्का लेखी द्यायला सांगा.

नेटजवळ:
ऑडिट आला. ५७ पैकी ४४ पदवीत लागली. बाकी १३ 'जनरल इलेक्टिव्ह' (ऐच्छिक) म्हणून पडून आहेत.

अर्धविराम:
मग आज तो अपात्र आहे. ४४ भागिले १२८ म्हणजे ३४.४ टक्के. १२८ चे ४० टक्के ५१.२ होतात. ७.२ क्रेडिट कमी आहेत म्हणून कुणी ३ आणि ४ क्रेडिटचे दोन कोर्स सुचवेल. तिथेच फसगत होते: ५१ म्हणजे ३९.८ टक्के. ३९.८ ला ४० धरून सोडतील या भरवशावर राहू नका. ४ अधिक ४ घ्या, ५२ म्हणजे ४०.६.

उन्हाळी क्रेडिट १८ मध्ये चालत नसली तरी टक्केवारीत चालतात. लॅबसकट फिजिक्स आणि कॅल्क्युलसची पुढची पायरी असे ४-४ चे कोर्स बघा, ऑडिटमध्ये रिकामे दिसतायत तेच. कम्युनिटी कॉलेजात घेणार असाल तर आधी नव्या कॉलेजकडून कोर्स नंबरसकट मान्यता घ्या. किमान सी ग्रेड आणा, डी बरीच कॉलेजं घेत नाहीत. निकाल लागला की अधिकृत ट्रान्सक्रिप्ट थेट कॉलेजकडून कॉलेजला जाऊ द्या, फॉल सुरू होण्याआधी.

दुसरी वाट म्हणजे पडून असलेली १३ परत तपासून घेणं. ज्या विभागाने कोर्स नाकारला त्याच्याकडे पूर्ण सिलॅबस, पुस्तकाचं नाव, लॅबचे तास जोडून फेरतपासणीचा अर्ज करा. स्टॅटिक्स किंवा थर्मोसारखा विषय नुसत्या कोर्सच्या नावावरून 'इलेक्टिव्ह' ठरलेला असतो, सिलॅबस बघितला की बसतो. हे आधी करा, पैसे लागत नाहीत.

कट्टेकरी:
+१. आणखी एक: जुनं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षाला दोन मोठ्या सत्रांऐवजी छोटी सत्रं) असेल तर आकड्याला दोन तृतीयांशाने गुणा, ४५ ची ३० होतात. फॉल-स्प्रिंग म्हणताय म्हणजे तुम्हाला हे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी.

नेटजवळ:
कोच आता म्हणतात विषय बदलून इकॉनॉमिक्स घे, १२० ची पदवी आहे, ४८ लागतील आणि इलेक्टिव्ह सगळी खपतील.

अर्धविराम:
यंदापुरतं जमेल. पुढच्या वर्षी ६० टक्के म्हणजे ७२ लागतील, तीही इकॉनॉमिक्सच्या पदवीत बसणारीच. शिवाय मुलाला इंजिनिअर व्हायचंय की नाही? पात्रतेसाठी पदवी बदलण्याचा सल्ला मी तरी देणार नाही, विशेषतः टेनिसमध्ये. टीमचे सामने मुख्यतः स्प्रिंगला असतात, फॉलला वैयक्तिक स्पर्धा. फॉलला कमी पडला तरी पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिट घेऊन सराव करता येतो. त्या सत्रात तूट भरली की जानेवारीपासून खेळायची वाट मोकळी. बेसबॉलवाल्यांना ही सवलत नाही.

कट्टेकरी:
आणि वेव्हरचा (नियमातून सूट) अर्ज करायची वेळ आलीच तर तो कॉलेज करतं, विद्यार्थी नाही. म्हणून सही करण्याआधी कम्प्लायन्सला विचारा: टक्का कमी पडला तर तुम्ही अर्ज कराल का, आणि स्कॉलरशिप चालू राहील का? उत्तर ईमेलवर घ्या. जुन्या कॉलेजकडे परतीचा दरवाजा धरून बसू नका. पोर्टलमध्ये नाव गेलं की तिथली जागा आणि सत्रानंतरची आर्थिक मदत काढून घ्यायला ते मोकळे असतात.

नेटजवळ:
धन्यवाद दोघांनाही. फिजिक्स आणि कॅल्क्युलसचे कोर्स नंबर मान्यतेसाठी पाठवले. तो एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आहे, त्याचं काही?

अर्धविराम:
जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसला सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्याची सरकारी नोंद) नव्या कॉलेजकडे सोडायची तारीख ठरवायला सांगा, त्यानंतरच नवं कॉलेज नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला) देतं. फॉलच्या १२ क्रेडिटमध्ये पूर्ण ऑनलाइन कोर्स एकच, म्हणजे ३ क्रेडिटपर्यंतच, धरतात. टीमचे दौरे सांभाळायला दोन ऑनलाइन कोर्स घेतले आणि प्रत्यक्ष वर्गाचे ९ भरत नसतील तर व्हिसाची अट मोडते, एनसीएएची नाही मोडली तरी.