हिवाळ्यात बंद राहणारं घर: नळ रिकामे केले, तरी ट्रॅप फुटला

उंबरठा:
आईवडिलांचं खेड्यातलं घर थंडीचे चार महिने बंद असतं. आत कसलीच ऊब नसते. बाहेर जेवढं तापमान उतरतं तेवढंच आत. निघताना मी मेन कॉक बंद करतो, सगळे नळ उघडे टाकतो, गीझर रिकामा करतो. नळांच्या पाइपांना आजवर एकदाही काही झालं नाही.

यंदा येऊन शॉवर सोडला आणि पाचच मिनिटांत जमिनीखाली पाणी ठिबकल्याचा आवाज आला. खालच्या पोकळीत सरपटत जाऊन पाहिलं, तर शॉवरच्या ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या वाकड्या पाइपाला, बुडाशी बोटभर चीर पडलेली. कमोडच्या भांड्यालाही खाली केसासारखी रेघ दिसते. कोरडा कागद टेकवला की ओला होतो.

अजून एक. कमोड फ्लश केला की शेजारचं बेसिन गुडगुडतं आणि थोड्या वेळाने तिथून घाण वास येतो. हे गेल्या वर्षी छप्पर बदललं त्यानंतरचं आहे, पण छपराचा याच्याशी काय संबंध असणार? ही सगळी लाइन वडिलांनी स्वतःच्या हाताने टाकली होती, त्यामुळे मला ती नीट टिकवायची आहे. ट्रॅपमधलं पाणी काढून ठेवायचं असतं का? की त्यात काही ओतायचं?

पाइपपाना:
तुम्ही येणारं पाणी काढलंत, पण जाणाऱ्या लाइनमधलं तसंच राहिलं. नळ उघडे टाकले तरी ट्रॅप रिकामा होत नाही, कारण तो पाणी धरून ठेवायलाच बनवलेला असतो. त्या वाकड्या भागात साधारण 50 ते 100 मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच सेप्टिक टँकमधला वायू घरात येऊ देत नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. त्या वळणात त्याला सरकायला जागा मिळाली नाही की ट्रॅप तडकतो, आणि कमोडचं भांडं तर ताण अजिबात सोसत नाही.

म्हणून नुसतं पाणी काढून मोकळं होऊ नका, वायूला वाट उघडी होईल. पाणी काढून त्याजागी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ भरा. गाडीच्या रेडिएटरमधलं सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. घरातल्या लाइनमध्ये ते चुकूनही नको.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण पाण्याने भरलेल्या ट्रॅपमध्ये वरून ग्लायकॉल ओततात. ते पाण्यात मिसळून पातळ होतं आणि थंडी पडली की तोच ट्रॅप फुटतो. आधी पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमने ट्रॅप कोरडा करा. कमोडची टाकी फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजने टिपा, भांड्यातलं मगाने आणि मग स्पंजने काढा. बेसिनला अर्धा लिटर पुरतो, कमोडला जास्त लागतं. तयार मिश्रण मिळालं तर त्यात पाणी घालू नका. कडाक्याच्या थंडीत ते गाऱ्यासारखं होतं, पण दगडासारखं घट्ट होऊन पाइप फोडत नाही. हे काम सगळ्यात शेवटी करायचं. नंतर हात धुवायलासुद्धा नळ सोडायचा नाही. वॉशिंग मशीनच्या पंपात पाणी उरतं, मोरीचा ट्रॅप तर हमखास विसरला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला की आतल्या गोळ्याच्या भोकात चमचाभर पाणी अडकतं आणि तेवढ्यानेही व्हॉल्व्ह फुटतो. लाइन रिकामी झाली की दांडा अर्ध्यावर फिरवून ठेवा.

गुडगुडण्याबद्दल: छपराचा संबंध आहे, आणि मला तरी तो दाट वाटतो. बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा देणारा उभा पाइप, छपराबाहेर पोचतोय का ते बघा.

रानवाट:
आम्ही ट्रॅपमध्ये मूठभर मीठ टाकायचो, काही वर्षं चाललं. आणि व्हेंटसाठी छप्पर फोडायचं नसेल तर हवा आत घेणारा झडपेचा व्हॉल्व्ह मिळतो, तो बेसिनखालीच बसतो.

पाइपपाना:
रानवाट, मीठ कमी थंडीत चालून गेलं असेल. कडाक्यात पुरत नाही, धातूचे जोड खातं, आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंनाही बरं नाही.

झडपेचा व्हॉल्व्ह एखाद्या आडबाजूच्या बेसिनला ठीक आहे. पण तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. टँककडून दाब आला तर त्याला वाट कुठे? छपराबाहेर उघडणारा एक तरी व्हेंट हवाच.

फ्लश केल्यावर पाण्याचा लोंढा पाइप भरून खाली जातो आणि मागे हवा विरळ होते. व्हेंट मोकळा असेल तर वरून हवा येते. बंद असेल तर ती सगळ्यात जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते. तेच गुडगुडणं. ओढताना ट्रॅपमधलं पाणीही जातं, म्हणून वास. असं होत राहिलं तर तुम्ही भरलेलं ग्लायकॉलही पहिल्याच फ्लशला ओढलं जाईल. तेव्हा आधी व्हेंट दुरुस्त करा.

उंबरठा:
माळ्यावर जाऊन आलो. व्हेंट छपराच्या वीतभर खाली कापलेला आहे आणि तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलाय. छप्पर बदलताना त्या भोकातून गळेल म्हणून कापला असावा, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. बोळा ओला होता आणि त्यावरच्या वाशाला ताटाएवढा काळा डाग पडलाय. मन फार खट्टू झालं. बोळा काढल्यावर खाली कमोड फ्लश करायला लावलं, तर बेसिन गप्प!

वासामुळे पाइपाचं तोंड सध्या प्लास्टिकने बांधलंय आणि संडास वापरणं थांबवलंय. आता तो वर न्यायचा तर जुन्याइतकाच, म्हणजे 50 मिलिमीटरचा, ठेवू का?

पाइपपाना:
नको. टँकमधली ओलसर ऊबदार वाफ घर बंद असतानाही वर येत राहते आणि गार पाइपाच्या तोंडाशी गोठून थर धरते. अरुंद तोंड लवकर बुजतं. छपराच्या आत साधारण फूटभर आधीपासून 75 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा करा, आणि माळ्यावरच्या भागाला वेष्टन घाला. डाग पडलेला वासा टोकदार वस्तूने टोचून बघा. लाकूड मऊ लागलं तर आधी तो बदला.

खाली सरपटणारच आहात तर आडव्या पाइपाला लेव्हल लावा. मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला असेल तर तिथे पाणी साचून गोठतं, आणि वरून ओतलेलं ग्लायकॉल तिथवर पुरेसं पोचत नाही.

उंबरठा:
झोळ आहे, शॉवर आणि कमोडच्या मध्ये. टेकू खचलाय. उद्या तो उचलतो. नवा ट्रॅप खालून बूच उघडणारा घेतलाय, म्हणजे निघताना बूच काढलं की सगळं पाणी बादलीत. कमोड मात्र नवाच बसवावा लागेल.