मदत हवी आहे: जमीन राज्याची, मग केंद्र कारशेड अडवतं कसं?

मिठागर_वाट: उद्या सकाळी टिपण द्यायचंय आणि एकाच मुद्द्यावर गाडी अडलीय. 'जमीन' राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे, नोंद १८. मग मुंबईत कांजूरमार्गच्या मेट्रो कारशेडचं काम थांबलं कसं? राजकारण नको, कायद्याचा आधार सांगा. लवकर.

फाटक_बंद: कोणतं कारशेड? मेट्रो ३ चं की ६ चं? कांजूरचं नाव दोन्हींसाठी निघालंय. आणि टिपण परीक्षेसाठी आहे का?

मिठागर_वाट: ३ चंच, २०२० चं प्रकरण. एमपीएससी मुख्य.

सातबारा: ऑक्टोबर २०२० मध्ये उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी १०२ एकर जागा राज्याच्या विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) देण्याचा आदेश काढला. जागा केंद्राच्या मीठ आयुक्तांकडची, असं म्हणत केंद्र उच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबरला आदेशाला स्थगिती मिळाली आणि काम थांबलं.

तुमची गफलत नोंद १८ मध्ये आहे. सूची सांगते कायदा कोणी करायचा. मालक कोण ते नाही. मालकीला अनुच्छेद २९४ बघा: राज्यघटना लागू होताना जे केंद्र सरकारच्या कामासाठी होतं ते केंद्राकडे गेलं, प्रांताचं राज्याकडे. म्हणून भांडण जुन्या महसुली नोंदींवर येतं. मीठ केंद्रसूचीत आहे (नोंद ५८), पण तेवढ्यानेही मिठागराची जमीन केंद्राची होत नाही. हे दोन्ही बाजूंनी लिहा.

कलम_१३१: केंद्र-राज्य वाद म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालय. अनुच्छेद १३१ नसेल तर उत्तर अपुरं.

सातबारा: इथे नाही. आव्हान जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला होतं, म्हणून अनुच्छेद २२६, उच्च न्यायालयात याचिका.

कलम_१३१: दाखला तरी द्या. पश्चिम बंगाल विरुद्ध भारत सरकार. निकाल डिसेंबर १९६२ चा, पुस्तकांत १९६३ म्हणून सापडेल. राज्याच्या मालकीची जमीनही केंद्र संपादित करू शकतं, हे तिथेच ठरलं.

सातबारा: हा दाखला मात्र घ्याच. पण कांजूरला संपादन नव्हतंच, केंद्र आधीपासूनची मालकी सांगत होतं. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

डहाणू_लोकल: खरा मुद्दा पैशाचा आहे. बुलेट ट्रेनच्या कंपनीत केंद्र ५० टक्के, महाराष्ट्र आणि गुजरात २५-२५. मार्ग ५०८ किमी, त्यातला आपल्याकडे जेमतेम १५६. तरी भांडवल सारखं! तेच पैसे विरार-डहाणू चौपदरीकरणाला आधी द्यायचे होते.

फाटक_बंद: त्यासाठी वेगळा धागा काढा. शिवाय भांडवल म्हणजे प्रकल्पाचा खर्च नव्हे. मूळ अंदाजात ८१ टक्के रक्कम जपानी कर्जाची आहे. भागीदारीचं उदाहरण हवंच तर मुंबई लोकलचे प्रकल्प करणारी एमआरव्हीसी घ्या: रेल्वे ५१, राज्य ४९.

मिठागर_वाट: पैसे विचारलेच नाहीत मी. शेवटी जागा कोणाची ठरली?

सातबारा: त्या आदेशात नाही ठरली. स्थगिती अंतरिम होती. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि मेट्रो ३ चं कारशेड आधीच्या जागी, आरे कॉलनीतच परत गेलं. 'न्यायालयाने जागा केंद्राला दिली' असं लिहिलंत तर गुण जातील.