बोटीवर चढताना पाण्यात पडलं कोण? बाबा म्हणतात मी, काका म्हणतात मी

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. घरातली गोष्ट आहे पण गणपतीपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. आमचं घर आचऱ्याला. बाबा आणि काका यांच्यात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. सहा-सात वर्षांचे असताना आजी दोघांना घेऊन मुंबईला निघालेली, तेव्हा बोटीनेच जायचे, बोट मालवणला बाहेर खोल पाण्यात उभी रहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून नेऊन वर चढवायचे. चढताना लाट आली, पडाव खाली बसला आणि एक पोरगा मधल्या फटीतून पाण्यात गेला. खलाशाने वाकून केसाला धरून त्याला वर ओढला. हे घडलं यावर घरात कुणाचं दुमत नाही. फक्त दोघेही म्हणतात की तो पोरगा मी.

आणि आठवतंय पण दोघांना सेम. नाकात गेलेलं खारं पाणी, खलाशाच्या हाताला येणारा तंबाखूचा वास, आजीने फोडलेली किंकाळी. एवढी वर्षं आम्ही हसण्यावारी न्यायचो. या वेळी चुलतभावाच्या मुलीला शाळेत 'आजोबांची गोष्ट' असा प्रोजेक्ट होता, भजनी मंडळ उठून गेल्यावर उसळपाव खाताना ती वही घेऊन बसली आणि दोघांनी तिला तीच गोष्ट सांगितली. पोरीने सरळ विचारलं, मग नक्की कोण पडलं? बाबा म्हणाले, "पाण्यात पडलंय तो मी, हेका काय म्हायती." काका तटकन उठले. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि रात्रीच्याच गाडीने डोंबिवलीला गेले, जेवले पण नाहीत. त्यानंतर फोन नाही.

दोघांपैकी कुणीच खोटारडा माणूस नाही हो. असं होऊ शकतं का? आणि मी काय करू?

वाडीतला
सरळ आहे, एक जण खोटं बोलतोय. आजीच्या वयाचं कोणी गावात असेल तर विचारा, विषय संपेल.

पिंपळपार
वाडीतला, इतकं सरळ नाहीये ते. मी रत्नागिरीत कॉलेजला मानसशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न वाचून अक्षरशः उठून बसले, कारण नेमक्या याच गोष्टीवर संशोधन झालेलं आहे. २००१ मध्ये शीन, केम्प आणि रुबिन या तिघांनी जुळ्या भावंडांच्या २० जोड्या घेतल्या. एकेक शब्द द्यायचा आणि त्यावरून स्वतःच्या आयुष्यातली आठवण सांगायला लावायची, असे ४५ शब्द. २० पैकी १४ जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली की दोघंही म्हणतात हे माझ्या बाबतीत घडलं! आणि हे जुळ्यांपुरतंच नाही, वयाने जवळ असलेल्या सख्ख्या भावंडांत आणि मित्रांतही त्यांना ते सापडलं. तुमच्या घरात दीड वर्षाचं अंतर, एकाच पडावात बसलेले, एकाच आईकडून तीच गोष्ट ऐकत मोठे झालेले. नाही झालं तरच नवल.

मुळात आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आपण ती नव्याने जुळवतो, थोडं पाहिलेलं, थोडं ऐकलेलं, आणि मधल्या जागा मन आपोआप भरतं. काय आठवतं ते टिकतं, पण ते कुठून आलं, आपण बघितलं की कुणी सांगितलं, ही चिठ्ठी आधी गळून पडते. यावरचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जाँ पियाजे यांचं, मुलांची बुद्धी कशी वाढते यावर आयुष्यभर काम केलेला स्वित्झर्लंडचा माणूस. त्यांना लहानपणीचा प्रसंग लख्ख आठवायचा, पॅरिसला बाबागाडीत बसलेत, कोणीतरी पळवायला आला, दाईने त्याला अडवलं, तिच्या तोंडावर ओरखडे उठले. पंधराएक वर्षांचे झाल्यावर त्या दाईचं पत्र आलं, ते सगळं मी रचलेलं होतं, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ तिने परत केलं. म्हणजे घडलंच नव्हतं! घरात ऐकून ऐकून डोळ्यासमोर उभं राहिलेलं. तुमच्याकडे निदान खरंच कोणीतरी पडलं होतं.

रेवसकर
माझं वय ७१. आमच्या बाजूला रामदास बोटीचं असंच आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या लहानपणी प्रत्येक वाडीत एक तरी माणूस असायचा की मी त्या बोटीने येणार होतो, तिकीट काढलेलं पण चुकली. आमचे आजोबा सांगायचे, धक्क्यावर पोचलो तर बोट सुटलेली, हातात पावसाळी छत्री आणि केळ्याचा घड. पुढे शेजारच्या एका म्हाताऱ्याकडून तीच गोष्ट ऐकली, केळ्याच्या घडासकट. मला तेव्हा राग आलेला की यांनी आमच्या आजोबांची गोष्ट चोरली. आता वाटतं एवढी माणसं एका सकाळी गेली, मागे राहिलेल्याला आपण का राहिलो याची काहीतरी गोष्ट लागतेच. कोणाची खरी हे मी नंतर कधी शोधलं नाही.

सुरंगी
पिंपळपार ताईंनी छान समजावलंय पण दादा मला एक विचारायचंय. काका जेवण न करता जातात म्हणजे विषय नुसता पाण्यात पडण्याचा नसणार. पडल्यामुळे पुढे काय झालं असं दोघं सांगतात?

खाडीकाठ
सुरंगी ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि थोडा वेळ लिहायलाच जमलं नाही.

बाबा म्हणतात, त्या दिवसापासून आईने मला परत बोटीवर चढू दिलं नाही, म्हणून मी गावात राहिलो, शेती आणि कलमं बघितली, आणि तो मुंबईला शिकला. काका म्हणतात, माझ्यासाठी आईने रामेश्वराला नवस केला, फेडायला अनवाणी चालत गेली. काकांना आयुष्यभर वाटत आलंय की आईची माया बाबांवर जास्त होती, कारण बाबा तिच्याजवळ राहिले. हे मी आज पहिल्यांदा एका खाली एक असं लिहून बघतोय.

सुरंगी
हेच मला वाटत होतं. एकाचा त्यात गमावलेला शाळेचा रस्ता आहे आणि एकाची आई आहे. मग दोघांपैकी कोण सोडेल? माझं ऐका, निकाल लावायला जाऊ नका. दोघांकडून वेगवेगळं, सुरुवातीपासून, मधे न बोलता ऐकून घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि आत्या असेल तर तिच्याशी बोला.

पिंपळपार
अगदी बरोबर. ऐकताना एक विचारा, चित्र कुठून दिसतंय? पाण्यातून वर बघताना की वरून, स्वतःलाच पाण्यात बघितल्यासारखं? नीग्रो आणि नायसर यांनी १९८३ मध्ये यावर काम केलंय. पण कृपा करून यावरून निकाल देऊ नका, जुन्या खऱ्या आठवणीही माणसाला बाहेरून दिसतात. फक्त तो प्रश्न विचारला की माणूस वाद सोडून आठवायला लागतो, एवढ्यासाठी सांगतेय.

वाडीतला
मी वर घाईत लिहिलं. आमच्याकडे पण मी आणि भाऊ, माडावरून कोण पडलं यावर असंच चालतं. त्याच्या कोपराला व्रण आहे, तरी मला पडल्याचं आठवतं.

खाडीकाठ
अपडेट देतो. काल आत्याकडे जाऊन आलो, ती दोघांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, तेव्हा बोटीवर नव्हती, घरी होती. पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. मी विचारलं, आजी ही गोष्ट कशी सांगायची? आत्या म्हणाली, आई कधी नावच घ्यायची नाही. "माझो झील पाण्यात पडलो", माझा मुलगा पडला, एवढंच. आत्याने एकदा विचारलं पण होतं, खयचो गे, म्हणजे कुठला? तर आजी म्हणालेली, "दोगव माझेच, नाव कित्याक होया."

मग ती गोष्ट दोघं पोरं दर पावसात तिच्या एका एका बाजूला निजून ऐकायची. खारं पाणी, तंबाखूचा वास, सगळं आजीच सांगायची, कारण खलाशाने पोरगा तिच्याच हातात दिलेला आणि तो वास तिच्या लुगड्याला लागलेला. आत्याला हे शब्द न् शब्द पाठ आहे, आणि ती तर तिथे नव्हतीच.

नवसाचं पण विचारलं. आजी रामेश्वराला दोघांना घेऊन गेलेली, एक कडेवर, एक हाताला धरून, कडेवर कोण ते आत्याला सांगता येईना.

रात्री बाबांना हे सगळं सांगितलं. पिंपळपार ताईंचा प्रश्न पण विचारला. बराच वेळ अंगणात बसून राहिले, आणि मग म्हणाले, वरून दिसतं, निळ्या पट्ट्यांचा शर्ट दिसतो, पाण्यात फुगलेला. मी काही बोललो नाही. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाले, "तेका इचार, तेच्या अंगात खयचो शर्ट होतो." मी म्हटलं तुम्हीच विचारा. तर म्हणाले, रविवारी तो घरी असतो, तेव्हा लावून दे.