फिलिपीन्सचे स्पॅनिशपूर्व साहित्य खरोखर जाळले गेले का?

प्रश्न

फिलिपीन्सच्या साहित्याविषयी वाचताना एक विधान वारंवार समोर येते: स्पॅनिश पाद्र्यांनी तेथील जुने वाङ्मय जाळले, म्हणून आज ते उपलब्ध नाही. दुसरीकडे, १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात पेद्रो चिरिनो हा जेझुइट पाद्री लिहितो की, लिहितावाचता न येणारा पुरुष तेथे क्वचितच सापडतो आणि तशी स्त्री तर त्याहूनही दुर्मीळ. इतक्या साक्षर समाजाचा एकही जुना ग्रंथ हाती लागू नये, याला केवळ जाळपोळ कारणीभूत असेल का? आणि वसाहतीच्या काळात त्या परंपरेचे पुढे काय झाले?

प्रतिसाद १

पाद्र्यांनी मूर्ती आणि पूजासाहित्य नष्ट केले, हे खरेच आहे. परंतु ग्रंथांच्या अभावाचे मोठे कारण मला लेखनाच्या स्वरूपातच दिसते. बायबायिन ही तेथील जुनी लिपी बांबूवर किंवा पानांवर टोकदार हत्याराने कोरली जाई, आणि दमट हवेत असे साहित्य फार काळ टिकत नाही. तिचा उपयोगही पत्रे आणि छोट्या कविता यांसाठी होत असे. या लिपीत ३ स्वर आणि १४ व्यंजने होती. व्यंजनात आपल्याप्रमाणेच अकार अंगभूत असे, मात्र अक्षराचा पाय मोडण्याची सोय नव्हती. त्यामुळे 'बुन्दोक', म्हणजे पर्वत, हा शब्द नुसता 'बुदो' असा लिहिला जाई व उरलेले वाचकाने संदर्भाने जाणायचे असे. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेस या पाद्र्याने हलन्तासाठी क्रुसाची खूण सुचवली, पण ती रुजली नाही. दीर्घ काव्याचे घर अशी लिपी नव्हती. ते घर माणसांच्या कंठात होते.

प्रतिसाद २

वरील मताला जोड देतो. जेथे स्पॅनिश सत्ता नीट पोहोचली नाही, तेथे हे कंठस्थ वाङ्मय जगले. उत्तर लुझॉनच्या डोंगरांतील इफुगाओ लोक भाताच्या कापणीला आणि मृताच्या जागरणात 'हुधुद' ही कथागीते गातात, आणि त्या गायनाचे नेतृत्व बहुधा वयस्क स्त्रीकडे असते. दक्षिणेकडील मिंदनाओ बेटावरच्या मारानाओ लोकांचे 'दारांगेन' हे महाकाव्य १७ खंडांचे आणि सुमारे ७२,००० ओळींचे आहे. त्याच मारानाओंकडे 'महाराडिया लावाना' ही रामकथाही आहे, जिच्यात राम 'मांगांदिरी' या नावाने येतो आणि 'लाक्सामाना' हे नाव चक्क वानराचे असते. ही कथा वाचताना मला अतिशय आनंद झाला होता, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

प्रतिसाद ३

वसाहतीच्या काळाविषयी थोडे. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तकात टागालोग या स्थानिक भाषेतील मजकूर रोमन व बायबायिन अशा दोन्ही लिपींत आहे. म्हणजे धर्मप्रसारासाठी का होईना, पाद्र्यांनी स्थानिक लिपी छापली. सात-सात अक्षरावयवांच्या चार ओळींची 'तानागा' ही जुनी कविताही त्यांच्याच १७५४ च्या शब्दकोशात उदाहरणांच्या रूपाने टिकून राहिली. ज्यांनी परंपरा मोडली, त्यांच्याच वह्यांतून तिचे तुकडे आपल्यापर्यंत आले, हे मान्य केल्याशिवाय या काळाचा न्याय करता येत नाही.

पुढे लोकांनी परका साचा आपलासा केला. ख्रिस्ताच्या यातनांचे 'पासयोन' हे पद्य आजही पवित्र सप्ताहात घरोघरी गायले जाते. फ्रान्सिस्को बालागतास यांच्या १८३८ च्या 'फ्लोरांते आत लाउरा' या टागालोग काव्याचे कथानक अल्बानियात घडते, पण जुलमी राजवटीखाली होरपळणाऱ्या त्या देशाच्या वर्णनात अनेक वाचकांना स्वतःचाच देश दिसला. फिलिपिनो लेखक होसे रिसाल यांनी मात्र 'नोली मे तांगेरे' (१८८७) ही कादंबरी स्पॅनिशमध्ये लिहिली, जी भाषा त्यांच्या बहुसंख्य देशबांधवांना वाचता येत नव्हती.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'बुदो' या उदाहरणाने माझा मूळ प्रश्नच बदलला. ग्रंथ कोठे गेले हे विचारण्याऐवजी आता मी हुधुदच्या ध्वनिमुद्रणांचा शोध घेईन.