प्रतिसाद : शीला जॉर्डन आणि शिकवणे
शीला जॉर्डन यांनी ‘गाणे चालेना म्हणून शिकवणे पत्करले’ असे वर एका वाचकाने प्रतिसादात म्हटले आहे, ते मला पटत नाही. १९२८ साली डेट्रॉईटमध्ये जन्मलेल्या या जॅझ गायिकेने मुलीला एकटीने वाढवताना अनेक वर्षे कचेरीत टंकलेखन केले, आणि १९७८पासून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवू लागल्यावरही त्यांचे गाणे थांबले नाही. केवळ डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या साथीने गाण्याची त्यांची रीत दादर-गिरगावच्या मैफलींत तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या आपल्यासारख्यांना चटकन भिडावी. मात्र तानपुरा आधारस्वर धरून ठेवतो, इथे बासवादक सतत स्वर बदलत पुढे सरकत असतो आणि गायिकेला आधारस्वर मनातच सांभाळावा लागतो (रियाजाशिवाय हे अशक्यच).