‘ख्रिस्तवासी’, ‘सुखलोक’, ‘नवे आकाश’: ख्रिस्ती स्वर्गाचे मराठी शब्द

शब्दशोधक:
वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचताना एक प्रश्न पडतो. कैलासवासी, वैकुंठवासी हे शब्द कळतात; कैलास आणि वैकुंठ ही ठिकाणे आहेत. ख्रिस्ती माणसाच्या नावाआधी मात्र ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. ख्रिस्त हे काही ठिकाण नव्हे. मग ख्रिस्ती माणूस मेल्यावर स्वर्गात जातो, असे मानतात की नाही? मराठी बायबल चाळले तर त्यात स्वर्ग आहे, सुखलोक आहे, अधोलोक आहे आणि शेवटच्या पुस्तकात ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ आहे. ही एकाच गोष्टीची नावे आहेत की वेगवेगळ्या? जाणकारांनी सांगावे.

नगरकर:
‘ख्रिस्तवासी’ हा शब्द ‘कैलासवासी’च्या वळणावर घडला असला तरी मला तो फार नेमका वाटतो. येशूचा प्रेषित पौल याने कैदेतून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावे अशी मला ओढ आहे. त्याने ‘स्वर्गात’ म्हटले नाही, ‘ख्रिस्ताजवळ’ म्हटले. कुठे राहायचे यापेक्षा कोणाजवळ राहायचे, हे आमच्या श्रद्धेत आधी येते. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशूने दिलेला शब्दही तसाच आहे: ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ त्यातला ‘माझ्याबरोबर’ वाचून पुढे जाऊ नका, सगळे वजन तिथे आहे.

‘सुखलोक’ला मुळात जो ग्रीक शब्द आहे तो इराणकडून आलेला, अर्थ कुंपणाने वेढलेली बाग. उर्दूतला ‘फिरदौस’ त्याच कुळातला. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, तो तीनदाच येतो. ‘अधोलोक’ म्हणजे मृतांचे स्थान. त्याला सरसकट नरक म्हणणे बरोबर नाही.

पण यांतले काहीच शेवटचा मुक्काम नाही, आणि हे आमच्या मंडळींतही पुष्कळांच्या ध्यानात नसते. उपासनेत आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणतो. त्याच्या अखेरीस ‘शरीराचे पुनरुत्थान’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ यांवर विश्वास ठेवतो असे शब्द आहेत. आत्मा देहातून सुटून कायमचा वर निघून जातो, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. हा देहच उठवला जाणार. कबरींवर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ लिहितात ते यासाठीच; निजलेल्याने उठायचे असते. तो देह कसा असेल, असे करिंथच्या लोकांनी विचारले तेव्हा पौलाने पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला: जमिनीत जातो तो नुसता दाणा, वर येते ते निराळेच रूप, तरी ते त्याच दाण्याचे.

म्हणून ‘मेल्यावर स्वर्गात जाणे’ हे वर्णन अपुरे आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात माणसे वर जातच नाहीत. नवे यरुशलेम आकाशातून खाली उतरते आणि वाणी होते की देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे. मराठी भाषांतरकारांनी इथे ‘मंडप’ शब्द ठेवला, हे मला फार आवडते. मूळ शब्दाचा अर्थ तंबू. इस्राएल लोक रानात फिरत असताना देव ज्या तंबूत त्यांच्यामध्ये राहिला, त्याची ही आठवण. मराठी कानाला मात्र मंडप म्हटले की लग्न आठवते, आणि त्याच पुस्तकात दोन अध्याय आधी कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाची मेजवानी आहेच.

मराठीची शिक्षिका:
माझ्या मते अडचण ‘स्वर्ग’ या शब्दातच आहे. आपल्या परंपरेत स्वर्ग तात्पुरता. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’ म्हटले आहे. पुण्य सरले की परत खाली. आणि तुकोबा तर ‘स्वर्गीचे अमर इच्छिताती देवा, मृत्युलोकी व्हावा जन्म आम्हा’ असे म्हणून स्वर्गाला पंढरीच्या वाटेपेक्षा खाली बसवतात. मराठी माणूस ‘स्वर्ग’ ऐकतो तेव्हा त्याला अप्सरा, अमृत आणि इंद्राची सभा दिसते. ख्रिस्ती स्वर्गातूनही परत यावे लागते का?

नगरकर:
नाही, ताई. तो पुण्याईने कमावलेला नसतो, देवाच्या कृपेने मिळतो. त्यामुळे सरण्याचा प्रश्नच येत नाही. पण तुमचा मुद्दा अगदी खरा आहे. हिब्रूत आणि ग्रीकमध्ये आभाळ आणि देवाचे निवासस्थान या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. बायबलचे पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या ओळीत देव ‘आकाश व पृथ्वी’ उत्पन्न करतो, येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मात्र ‘स्वर्गातील पित्या’ येते. ‘नवे आकाश’ वाचून नुसते वरचे निळे छत नवे होणार असे वाटते. मुळात त्यात दोन्ही अर्थ आहेत.

‘स्वर्गाचे राज्य’ याचीही तीच गत. हा प्रयोग येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाचा; दुसरे चरित्रकार मार्क आणि लूक तिथेच ‘देवाचे राज्य’ म्हणतात. म्हणजे मेल्यावर जायचा प्रदेश नव्हे, देवाची सत्ता. ते ‘जवळ आले आहे’ अशी घोषणा येशू गालीलात करत होता, आणि प्रार्थनेतही आम्ही ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो, आम्हाला तिकडे ने असे म्हणत नाही.

मडगावकर:
आमच्याकडे कोंकणीत ‘सर्ग’ म्हणतात. प्रार्थनेची सुरुवात ‘आमच्या बापा सर्गींच्या’ अशी. सार्वकालिक जीवनाला ‘सासणाचें जिवीत’, आणि नरकाला ‘यमकोंड’. यम आमच्या शब्दांतून गेलेला नाही.

या चर्चेत फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव यायलाच हवे. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, गोव्यातल्या साष्टीत राहिला आणि त्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. पहिल्याच ओवीत तो देवाला ‘स्वर्गपृथ्वीचा रचणारा’ म्हणतो, म्हणजे तिथे स्वर्ग हा शब्द आकाशाच्या जागी. आणि देवाच्या निवासाला तो सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. आजच्या बायबलात आकाशाला आकाश आणि देवाच्या घराला स्वर्ग! चारशे वर्षांत शब्द एकेक घर सरकले. शिक्षिकाबाई म्हणतात ते लक्षात घेतले तर स्टीफन्सचा कान चांगला होता. देव स्वतः जिथे नांदतो आणि जिथून परतणे नाही, त्यासाठी मराठीत वैकुंठच जवळचा. पुढे तो शब्द टिकला नाही, कारण विष्णूपासून तो सुटा होत नाही.

वसईकर:
मी कॅथलिक, म्हणून थोडी भर. आमच्या शिकवणीत मरणानंतर लगेच प्रत्येकाचा न्याय होतो. देवाच्या कृपेत मेलेला पण अजून शुद्ध न झालेला आत्मा आधी शुद्धीच्या अवस्थेतून जातो. त्यांच्यासाठी २ नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात प्रार्थना करतो. प्रोटेस्टंट मंडळी हे मानत नाहीत. स्वर्गसुख म्हणजे देवाचे साक्षात दर्शन, आणि शुद्ध झालेल्यांना ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबावे न लागता मिळते, असे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली जाहीर केले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक मात्र ‘निद्रिस्त’ शब्दशः घेतात: पुनरुत्थानापर्यंत मेलेल्याला कशाचीही जाणीव नाही.

पण मला एक विचारायचे आहे. आमच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी आहेत. नव्या पृथ्वीवर ‘समुद्रही राहिला नाही’ हे वाचले की त्यांना काय वाटेल? समुद्राविना कसला आलाय स्वर्ग!

नगरकर:
वसईकर, हा प्रश्न मनाला लागला. इस्राएल हे दर्यावर्दी लोक नव्हते. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे अनावर गोंधळ, देवाच्या विरुद्ध उठणारी शक्ती. प्रकटीकरणात श्वापदही समुद्रातूनच वर येते. आणि हे पुस्तक लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, चोहीकडे पाणी. ‘समुद्र नाही’ हे वाक्य मी ‘मरण नाही, शोक नाही, रडणे नाही’ या रांगेत वाचतो, भूगोल म्हणून नाही. सोन्याचा रस्ता आणि एकेका मोत्याची वेसही तशीच वाचावी. त्याच नगरातून जीवनाच्या पाण्याची नदी वाहते, तिच्या काठच्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

आणि कोळ्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट आहे. पुनरुत्थित देह कसा असतो याचा एकच नमुना आमच्याकडे आहे, तो म्हणजे येशूचा. तो उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. मग्दालीया मरीया या त्याच्या शिष्येने त्याला ओळखले ते त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा. शिष्यांपुढे त्याने भाजलेला मासा खाल्ला, आणि तिबिर्याच्या समुद्राच्या काठी रात्रभर जाळी टाकून आलेल्या कोळ्यांसाठी त्याने स्वतः निखाऱ्यावर मासे भाजून ठेवले होते. आपली माणसे तिथे ओळखतील का, असे शोकाकुल घरात विचारतात, तेव्हा मी हेच प्रसंग वाचून दाखवतो. लग्नसंबंध तिथे नसतील असे येशूने स्पष्ट सांगितले आहे. ओळख पुसली जाईल असे सांगितलेले नाही.

शब्दशोधक:
आणि तिथे दिवसभर करायचे काय? चित्रांत सगळे ढगावर बसून वीणा वाजवताना दिसतात.

नगरकर:
वीणा पुस्तकात आहेत, ढगावरची बैठक चित्रकारांची. शेवटच्या अध्यायात दोन क्रियापदे आहेत: त्याचे दास त्याची ‘सेवा करतील’ आणि युगानुयुग ‘राज्य करतील’. सेवा म्हणजे उपासनाही आणि कामही. त्या नगरात मंदिर नाही, कारण देव स्वतःच तिथे आहे. त्यामुळे उपासनेची वेगळी वेळ आणि वेगळी जागा उरत नाही. कष्ट नाहीत असे म्हटले आहे, काम नाही असे नाही. ‘चिरविश्रांती’ हा शब्द श्रद्धांजलीत वापरतात तो चुकीचा नाही, पण एकटा वापरला तर अर्धेच सांगतो.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: ख्रिस्ती कुटुंबाला सांत्वनाचे पत्र लिहिताना नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ लिहा. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ही चालेल. ‘स्वर्गवासी’ लिहिले तर कोणी रागावणार नाही. ‘आत्म्यास सद्गती लाभो’ मात्र टाळा. गती पुढे कुठल्या योनीत, असा प्रश्न त्या शब्दाला चिकटून येतो.