एसएआरचे नॅरेटिव्ह म्हणजे भरायचा रकाना आहे काय?

केसवही:
अमेरिकी बँकांच्या एसएआरमधील, म्हणजे संशयास्पद व्यवहाराच्या अहवालातील, नॅरेटिव्ह (संशय का आला हे सांगणारा मजकूर) ही निव्वळ औपचारिकता असून टेम्प्लेटमध्ये नाव, तारखा व रकमा भरल्या की काम संपते, असे काल एका सदस्याने येथे लिहिले. ते वाचून मला गप्प बसवेना. फिनसेनकडे, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हेविरोधी विभागाकडे, गेलेला अहवाल जो तपास अधिकारी उघडतो, त्याच्यासमोर आपली केस फाइल नसते. आधारभूत कागद बँकेतच पाच वर्षे जपले जातात आणि त्याच्या हाती पडतो तो आपला मजकूर. 'ग्राहकाने वारंवार रोख भरणा केला, स्ट्रक्चरिंगचा संशय' (म्हणजे अहवाल टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांत भरल्याचा संशय) एवढ्यावरून त्याने काय शोधावे? समजा, नऊ दिवसांत तीन शाखांमध्ये ९,००० ते ९,८०० डॉलरचे सहा भरणे झाले. खातेदाराचा व्यवसाय कोणता आणि त्यात एरवी रोकड किती येते, हे सांगितले तरच १०,००० डॉलरवरील रोख व्यवहारांचा अहवाल टाळण्याची धडपड त्याला दिसेल.

रात्रपाळी:
आपले म्हणणे चुकीचे नाही, परंतु आपण दोष चुकीच्या माणसाला देत आहात. संशय लक्षात आल्यापासून ३० दिवस आणि संशयित अज्ञात असल्यास ६० दिवस, ही मुदत कागदावर पुरेशी दिसते. माझ्या टेबलावर केस येते तेव्हा त्यातले मोजकेच दिवस उरलेले असतात. एकदा मी संशयाचे कारण पहिल्याच वाक्यात लिहिले, तर सुरुवात ठरलेल्या साच्याप्रमाणे नाही म्हणून क्यूसीने, म्हणजे अहवालांचा दर्जा तपासणाऱ्या विभागाने, गुण कापले. त्यानंतर मी साचाच भरू लागलो.

तिसरी नजर:
केसवही, तीन शाखा, सहा भरणे, नऊ दिवस हे सगळे आपण उघड्यावर लिहिता कसे? अहवालाचे अस्तित्वसुद्धा गोपनीय असते, हे आपल्याला ठाऊक नाही काय?

केसवही:
'समजा' हा शब्द आपण वाचला नाही. उदाहरण मी रचलेले आहे. शिवाय बंधन अहवालावर आणि तो दाखल झाल्याचे उघड करणाऱ्या माहितीवर असते. मूळ व्यवहारांची माहिती त्या बंधनात येत नाही. आरोपापूर्वी नियम पाहायला हवा होता.

तिसरी नजर:
त्या नियमात येत नसेल, पण ग्राहकाच्या खात्याची गोपनीयता पाळण्याची जबाबदारी वेगळी असतेच. मी एवढा चिडतो, कारण माझ्या पूर्वीच्या बँकेत एका सहकाऱ्याने खातेदाराला केवळ 'तुमच्या खात्याबद्दल विचारणा झाली आहे' असे सांगितले आणि त्याच दुपारी खाते रिकामे झाले. महिनाभराची तपासणी वाया गेली. उदाहरण रचलेले असल्यास आरोप मागे घेतो, काळजी मात्र मागे घेणार नाही.

रात्रपाळी:
आपण दोघे गोपनीयतेवरच भांडत राहिलात, म्हणून मूळ मुद्द्याकडे वळतो. टेम्प्लेट सोडा, असे मला कोणी सांगू नये, कारण त्यामुळे तारीख किंवा खाते क्रमांक सुटत नाही. संशयाचे कारण साच्याच्या वर, स्वतःच्या शब्दांत लिहायला हवे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु क्यूसीला ते पटवण्याची जबाबदारी आपण घ्यावी.

केसवही:
घेतो. आमच्या क्यूसीच्या यादीत 'या ग्राहकाकडून काय अपेक्षित होते' हा प्रश्नच नाही. तो घालावा, अशी लेखी मागणी मी सोमवारी करतो.